सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं

पुणे, ता. ३ सप्टेंबर १९७१

ती. दादांस मनकर्णेचा स. जयभीम वि. वि.

मी खुशाल आहे, पण इथं मन लागत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांच्या या वर्गात आम्ही कानाला हेडफोन लावून इंग्रज साहेबाचं बोलणं ऐकतो, तसंच टेपवर बोलतो, ती टेप मुंबईला जाते आणि तिथला कॉम्प्युटर आमच्या आवाजाची रेघ काढून पाठवतो. वर साहेबाची रेघ, खाली आपली. माझी दर वेळी भलतीकडेच पळते. काल सरांनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, की खेड्यातली जीभ आता वळायची नाही, सहामाहीत नापास होण्यापेक्षा आधीच गावी जावं. असा संताप आला, दादा! पण रेघेला काय सांगू? परत येऊ का? आईला यातलं कळू देऊ नका.

आपली,
मनकर्णा

राहुरी, ता. ८ सप्टेंबर

चि. मनकर्णेस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं, लपवणं मला जमत नाही. ती म्हणते, की पोरगी हरून आली तर दार उघडायची न्हाई. मीही उघडणार नाही.

दीक्षा घेतली तेव्हा आपल्या वस्तीत पालीतली वंदना कुणाला येत होती? एकानं म्हणायचं, मागून सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं. गाव हसलं, की ह्यांच्या तोंडात हे कुठलं बसतंय. चुकलं तरी कुणी थांबत नव्हतं. आज तुझी आई चुलीपुढं वंदना म्हणते, एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. तू तिथं कानाला यंत्र लावून एकटीच पुटपुटत असशील. चार पोरी गोळा कर आणि मोठ्यानं म्हण. सरांना माझा जयभीम कळव.

तुझे,
दादा

पुणे, ता. २ नोव्हेंबर

ती. दादा व आईस स. जयभीम वि. वि.

तुमचं ऐकलं. हेडफोनची पिन उपटली, टेप मोठ्यानं लावली आणि माझ्या शेजारी बसणारी भागीरथी धरून खेड्यातल्या सगळ्या पोरींनी एका सुरात सुरुवात केली. सर लालबुंद! म्हणाले, की ही प्रयोगशाळा आहे, विहार नव्हे. मी म्हटलं, की मग आजपासून विहारच समजा. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. टेप पाठ झालीच होती, आम्ही जिन्यावर बसून म्हणू लागलो, ते परीक्षेपर्यंत.

काल रेघा आल्या. माझी साहेबाच्या रेघेबरोबर चालते, शेवटी तेवढी जराशी वाकते. सर म्हणाले, की तो बाकही काढता येईल. मी सांगितलं, की नको, तेवढी राहुरी राहू द्या.

पास झाले, दादा! शनिवारी येते. लोभ आहेच, आता दारही उघडा.

तुमची,
मनकर्णा