पायऱ्यांवरची वाळू

लुस्टर, ११ फेब्रुवारी

प्रिय माग्नहिल,

सात वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तू बरी असशील. इथे बर्फ पडतो, वितळतो आणि पुन्हा गोठतो. मेंढ्या अजून आतच आहेत. अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजवं मनगट मोडलं. पराक्रम काही नाही, स्वयंपाकघरातल्या सतरंजीत पाय अडकला, हात टेकला, बस्स.

दवाखान्यात नवी डॉक्टर आली आहे, फार प्रश्न विचारते. "अंगाने नेहमी अशाच का?" मी म्हटलं, "मी चांगली भरलेली आहे, काडी आहे ती माझी बहीण." पाळी कधी गेली? माझी बावन्नाव्या वर्षी, बहिणीची बेचाळिसाव्यातच. सिगारेट ओढता का? दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्यात का? मी नाही, नाही म्हणत होते आणि दर खेपेला तुझं नाव मध्ये आणत होते. शेवटी ती वैतागली. "बाई, हात तुमचा मोडलाय की बहिणीचा?"

मग तिने विचारलं, "आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?" तेव्हा मात्र मी हो म्हटलं.

माझी उंचीही मोजली. चार सेंटीमीटर कमी भरली. तुमची पट्टी चुकीची आहे म्हणून मी भांडले. घरी येऊन दाराच्या चौकटीवरच्या आपल्या जुन्या खुणांपाशी उभी राहिले, तर पट्टी बरोबर होती. चौकटीला मी दोनदा रंग दिला, पण तेवढा पट्टा सोडून. तुझ्या खुणा आहेत तशा आहेत.

किती लांबण लावते आहे मी. आता लिहिते.

आईला पोचवून आल्यावर, कॉफीच्या टेबलाशी, सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले होते, "आईकडे बघायचा तुझा आठवडा होता. पाय घसरू नये म्हणून एक बादली वाळू गोठलेल्या पायऱ्यांवर टाकायला जमली नाही तुला?" तू म्हणालीस, "टाकली होती गं." मी म्हटलं, "मग आई घसरली कशी?" तू कप अर्धा तसाच ठेवून उठलीस आणि बर्गनला निघून गेलीस.

वाळू होती, माग्नहिल. आईला उचलायला धावले तेव्हा माझ्या गुडघ्यांना लागली होती. आणि हॉस्पिटलात आई मला स्पष्ट म्हणाली, "मी घसरले नाही. उभ्या उभ्या पायातून कट्ट आवाज आला, मग पडले." मी तिला म्हटलं, "आई, तू नीज आता."

कारण मग मला सांगावं लागलं असतं की त्या पडण्याच्या दोन वर्षं आधी, तिचं मनगट मोडलं तेव्हा, हाडं ठिसूळ झालीत का त्या तपासणीचं पत्र आलं होतं. मेंढ्या विण्याचे दिवस होते. मी फोन करून तारीख रद्द केली आणि पुन्हा घेतलीच नाही. आईला म्हटलं, "म्हातारपणी हाडं दुखायचीच." ती बिचारी हो म्हणाली. तिचा खुबा मोडला तो माझ्या आळसाने, आणि दोष मी तुझ्या गळ्यात टाकला. तूच धाकटी, तूच विसराळू, सगळ्यांना लगेच पटलं.

आता थकले गं. हात दुखतो म्हणून नव्हे, हे सांभाळून ठेवण्याचा शीण आलाय.

मला माफ कर असं म्हणत नाही. तेवढं तोंड मला नाही. पण हाडांची तपासणी करून घे. मला जे विचारलं त्यातलं जवळजवळ सगळं तुला लागू आहे. लहानपणी माशाच्या तेलाचा चमचा तू कुंडीत ओतायचीस, तशी ही चिठ्ठी फेकून देऊ नकोस. माझ्यावर रागव, पण या आठवड्यात डॉक्टरला फोन कर. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

कधी आलीस तर मागच्या दाराने ये. पायऱ्यांवर वाळू टाकलेली आहे. त्या दिवशीही होती.

तुझ्याशी खोटं बोललेली, तुझीच थोरली,
गुनवोर