दोन्हीकडचा आवाज

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

रा. रा. गोकुळराव यांना मेहुण्याचा म्हणजे नानाचा रामराम. वेरूळला सगळे खुशाल असतील आणि तुमचा गुडघाही आता जिना चढू देत असेल. इकडे तुमच्या भगिनी आशाबाई ठणठणीत आहेत (आवाजावरून तरी).

काल तुमच्या भाचीच्या स्थळाची बैठक कॉम्प्युटरवर झाली. मागच्या पाहुण्यांनी "आम्ही असं बोललोच नाय" म्हणून हात वर केले होते, ते तुम्ही विसरला नसालच. म्हणून या खेपेला पुण्याचे पाहुणे काय बोलतात आणि आपण काय बोलतो, दोन्ही रेकॉर्ड करायचं ठरवलं. पोरीची, म्हणजे संस्कृतीची, अट एकच, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. ती मी मांडायची आणि त्यांचा होकार पकडून ठेवायचा. पोरगी म्हणाली, रेकॉर्डिंग मी लावून देते. पण चितेगावच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनी चालवलेल्या माणसानं लेकीला विचारायचं? मी तिला आतल्या खोलीत पाठवलं (बैठकीत मुलगी बसत नाही, हे एक निमित्त होतंच).

तर गोकुळराव, कॉम्प्युटरला दोन कान असतात. एक खोलीतलं ऐकतो, तो माइक. दुसरा त्याच्याच पोटातलं, म्हणजे पाहुण्यांचं. दोन्ही उघडायला वेगवेगळी बटणं. मी एकच दाबलं. वर आवाज घुमतो म्हणून हेडफोन घातला, त्यामुळं पाहुणे थेट माझ्या कानात आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा चकार शब्द नाही. तासभर मी एकटाच "व्हय, व्हय", "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत बसलोय (बावन्न वेळा), मधे कुकरच्या चार शिट्ट्या. कशाकशाला होकार दिला ते आता मलाही आठवत नाही. मुलीच्या बापाची जीभ तशी वळलेलीच असते.

मात्र चौतिसाव्या मिनिटाला माझा आवाज खणखणीत आहे: "आमची संस्कृती नोकरी सोडणार नाय, आत्ताच सांगून ठेवतो!" पोरीनं ते तीनदा लावून ऐकलं, डोळे पुसले आणि माझ्या गळ्यात पडली. मला लई बरं वाटलं.

आपला,
नाना

ता. क. पाहुणे रविवारी घरी येताहेत. त्याआधी त्यांना फोन करून नोकरीचं तेवढं सांगाल का? मामाच्या शब्दाला वजन असतं.

पुन्हा ता. क. त्यांना ते नवीनच वाटेल. चौतिसाव्या मिनिटाला माझा आवाज त्यांच्याकडे बंद होता. नेट गेलं समजून ते हसत बसले होते. (रेकॉर्डिंगला यातलं काही कळत नाही.)

शेवटचं. बंद मीच केला होता. संस्कृतीला सांगू नका.