टोपीवाल्याचा सिनेमा अन् आडवी बाटली

६ फेब्रु.
मतदानाची तारीख लागली एकदाची, १९ ले. मत बायायनंच द्यायचं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे फाट्यावरचं दारूचं दुकान राहो, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या अर्ध्याहून जास्त बायायनं आडवीवर शिक्का मारला तरच. जे घरी बसली ते दुकानाच्या बाजूनं. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.
हे संध्याकाळी फाट्यावरूनच आले. ताट वाढलं तसंच राह्यलं. दुकान बंद झालं तं हे माणसात येतीन, एवढंच माह्यं राजकारण.

८ फेब्रु.
दिनूभाऊजी जीपची दारव्ह्याची फेरी मारून आले तं म्हटलं, दारूबंदीवरचा एखादा सिनेमा लावून द्या टीव्हीवर, बचत गटातल्या बाया बोलावते. शोधला त्यायनं. "वयनी, हे पाहा, दारूबंदीच लिहेल हाय. अमेरिकेतला हाय, पण हिंदीत बोलते."
चांगलं झालं. तिकडच्या बायायनं कशी बंद केली ते पाहून आमच्यायले हिंमत येईन.

९ फेब्रु.
पुरती फजिती!
दुपारी खोलीभर बाया. सिनेमा सुरू झाला तं दारू पहिलेच बंद झालेली. मंग आला तो. काळी टोपी, कडक इस्त्रीचा सूट, बुटात तोंड दिसन असे बूट. चोरून दारू विकते तोच हिरो! शोभा म्हणे, "काय दिसते वं माय! आमच्या घरचा पिऊन बी असा नाही दिसत अन् न पिता बी नाही." हासून हासून मेल्या साऱ्या.
पोलीस मागं लागले तं रमाकाकू ओरडली, "पळ रे बापा, पळ!" रमाकाकू! जिचा नवरा दारूनंच गेला ते.
अन् मी? त्यानं गाडीची मागची सीट काढून बाटल्या भरल्या. नाक्यावर गाडी अडवली तं माह्ये हात आपोआप जोडल्या गेले, सापडू नको म्हणून. लाज वाटली मंग. शेवटी तो गोळी लागून मेला तं पदर डोळ्याले. भाऊजी दारातच उभे होते, हातातला चहा पार थंड.
निघता निघता शोभा म्हणे, "बंद करून बी विकतेतच नं मंग? कायले एवढी धावपळ करून राह्यली तू?"
टीव्ही बंद केला अन् कप उचलले.

१२ फेब्रु.
गावात घरोघरी तोच सिनेमा चालू आहे. माह्याच घरून साथ पसरली.
भाऊजीनं बाजारातून काळी टोपी आणली. जीपमधल्या सवाऱ्या सेठ म्हणतेत म्हणे. जेवताना मले म्हणतेत, "वयनी, तुमी दुकान बंद करा, धंदा मी पाहतो." हे हासले. किती दिवसानं हासले घरात. मले नाही आलं हासू.
"मजाक केला वयनी!"
असन.

१५ फेब्रु.
दिवसभर घरोघरी फिरली. शोभा गोलगोल बोलते. पायाचे तुकडे पडले अन् पदरात काही नाही, असं वाटलं. रमाकाकू मात्र म्हणे, "मी आडवीच मारीन. टोपीवाल्यासाठी रडली ते येगळं, घरच्यासाठी रडली ते येगळं." गळ्यात पडाविशी वाटली तिच्या.

१९ फेब्रु.
मतदान झालं. शिक्का हातात घेतला अन् थांबली. हे डोळ्यापुढं आले, मंग ते टोपी. बंद करून राह्यली का दुसरंच काही चालू करून... मारला आडवीवर. दाबून मारला. शोभा रांगेत होती, आली तरी ते!
संध्याकाळी निकाल. आडवी आली, थोडक्यात का होईना! गुलाल, फटाके. मी रडली, लपवून नाही, चारचौघात.
घरी आली तं हे अंगणात बसलेले. म्हणे, "आता म्या काय करू?" म्हटलं, जेवा. जेवले.

१० मार्च
दुकानाले कुलूप लागलं परवा. यायचे हात थरथरतेत, चिडचिड करतेत, घाम येते. पण घरी आहेत. चहाचा कप दोन हातानं धरतेत, म्हणून अर्धाच भरते.

१३ मार्च
जीपची मागची सीट अंगणात भिंतीले टेकवून ठेवलेली.
भाऊजीले विचारलं, काहून काढली? "स्प्रिंग गेली वयनी. दुरुस्तीले द्यायची हाय." डोक्यावर ते टोपी. सवाऱ्या घेऊन दारव्ह्याले जातो म्हणे, अन् गेले. सवाऱ्या कुठं बसवतेत मंग?
सीट आडवी टाकून बसून पाह्यली. दोनदा. स्प्रिंग चांगली आहे.
हे आतून विचारून राह्यले, "दिनू आला काय वं?" सकाळपासून तेच.