बंदोबस्तातलं पाणी

६ मे, मंगळवार
चाळिशीपुढच्या पोलिसांची वार्षिक तपासणी. मला पन्नाशीला दोन वर्षं कमी. बीपी ठीक, ईसीजी ठीक, वजनाबद्दल न बोललेलं बरं. पुढे वाहतूक शाखेचे हवालदार पोट आत ओढून कंबर मोजून घेत होते. मोजणारी मुलगी म्हणाली, "काका, श्वास सोडा की." सोडला. टेपच पुरेना. रांग हसली, काकाही हसले. रक्ताचा रिपोर्ट परवा.

८ मे, गुरुवार
क्रिएटिनिन वाढलंय. किडनीवर ताण म्हणे. डॉ. बाईंनी शांतपणे सांगितलं. पण माळशिरसच्या माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं असंच सुरू झालं होतं, "जरा वाढलंय" म्हणून. आता तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिस.
"पाणी किती पिता?"
"पिते की."
"बंदोबस्त असला की?"
काय सांगणार? बंदोबस्त म्हटलं की आदल्या संध्याकाळपासूनच पाण्याला हात आखडता. सकाळी चहासुद्धा नाही. पुरुष कुठलीही भिंत गाठतात, आम्ही कुठं जायचं? नोकरीला लागले तेव्हा जुन्या बायकांनी पहिली हीच अक्कल दिली. मीही पुढच्या पोरींना दिली.
गुडघेदुखीच्या गोळ्या बंद, त्याही किडनीला वाईट. भरपूर पाणी. पंधरा दिवसांनी परत रक्त.
ह्यांना रात्री सांगितलं. एसटीत जन्म गेला यांचा, बोलायला कधी कमी नाहीत. आज नुसता पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आणून ठेवला.

११ मे, रविवार
ठाण्यातच ड्यूटी. पिते, उठते, पिते, उठते. ठाणे अंमलदार म्हणतात, "ताई, ड्यूटीचा पॉइंट बाथरूमकडंच बदलून घेतला काय?" हसण्यावारी नेलं. ह्यांचा दुपारी फोन, "पिली का?" आयुष्यात एवढी चौकशी केली नव्हती. गुडघा गोळीशिवाय कुरकुरतोय. कुरकुरू दे.

१५ मे, गुरुवार
शनिवारी मंत्र्यांचा दौरा. माझा पॉइंट अक्कलकोट रोडला, दुभाजकावर. दिवसभर. आडोसा म्हणाल तर विजेचा खांब.
हे म्हणाले, "रजा टाक की." बंदोबस्ताला रजा कोण देतंय?
साहेबांच्या केबिनच्या दारातून दोनदा परत आले. तिसऱ्यांदा गेलेच.
"साहेब, मला मधेमधे पॉइंट सोडावा लागेल."
"कशाला?"
"लघवीला."
इतक्या वर्षांत हा शब्द अधिकाऱ्यासमोर काढला नव्हता. कान तापले. आमचे पीआय साहेब सहा फुटी, चोपन्नचे, आवाजानं खिडक्या हलतात. उठले, दार लोटून आले. एरवी छापील बोलणारा माणूस, एकदम गावाकडचं बोलायला लागला.
"ताई, मला शुगर हाय. सारखं जावं लागतं. मीबी बंदोबस्तादिवशी पाणी पीत न्हाय. कुणाला बोलू नका."
आधी त्यांनाच हसू फुटलं, मग मलाही.
"मंगल कार्यालयासमोरचा पॉइंट घ्या. तितं सोय हाय. मी पण राउंडला तिकडंच येतो."

१७ मे, शनिवार
ऊन मरणाचं. पण प्याले, पोटभर प्याले. कार्यालय झाडणाऱ्या मावशींनी बाथरूमची चावी माझ्याच हातात दिली. साहेबांची जीप तीनदा आली "पाहणीला". दर वेळी कडक सॅल्यूट, दोघांनीही तोंड सरळ ठेवून. संध्याकाळी डोकं दुखलं नाही. बंदोबस्त म्हणजे डोकेदुखी असणारच, असं मी आजवर धरूनच चालले होते.

२४ मे, शनिवार
रिपोर्ट नॉर्मल.
डॉ. बाईंना दोनदा वाचायला लावला. बाहेर गाडीपाशी आले. रडले थोडी, गाड्यांच्या स्टँडवरच, युनिफॉर्ममध्ये. बघू देत कुणाला बघायचंय ते. इतकं हलकं कधी वाटलं होतं आठवत नाही.
पहिला फोन अक्काला. ती म्हणाली, "लई बरं झालं बाई. माझ्या वाटचं पाणी पण तूच पी. मला हितं मोजून देत्यात."
फोन ठेवला आणि बाटलीतलं पाणी तिथंच संपवलं. घरी आल्यावर ह्यांनी न सांगता शिरा केला. गोड जास्त झाला होता. सगळा खाल्ला.

२७ मे, मंगळवार
उद्या पुन्हा बंदोबस्त. या वेळी बायपासला, उघड्या माळावर. ना कार्यालय, ना झाड. साहेबांना वरनं आलेली यादी बदलता येत नाही. बोलले तसं, वाईटही वाटलं त्यांना. आम्ही सहा बायका.
संध्याकाळी त्यातली सुनंदा बाकीच्या पोरींना घेऊन आली. तिघी तर माझ्याच हाताखाली तयार झालेल्या. म्हणाली, "ताई, उद्या पाणी घ्यायचं की न्हाय?"
नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं.
"घ्या," म्हटलं. "भरपूर घ्या."
बोलून तर बसले. माळाच्या पलीकडे एक वस्ती दिसते, चारपाच घरं असतील. पहाटेच जाऊन सहाजणींना बाथरूम वापरू द्याल का विचारते. कुणाचं दार उघडतंय बघू.