डाव्या हाताची बंदूक

प्रिय डावरे,

बंदूक निघाली! आधी एवढंच वाच, हुश्श कर, आणि बाकीचं सावकाश वाच. पहिल्या प्रयोगाआधी ती तुझ्या हातात पडेल, तेव्हा झाडूचा दांडा खांद्याला लावून तालीम करणं आता बंद. बंदूक आली नाही तर सैनिकिणीचा शेवटचा प्रवेशच कापायचा, असं तुझे दिग्दर्शक म्हणत होते ना? त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, कात्री खाली ठेवा.

तुला वाटलं असेल, बाबाने खोकं बांधलं, कुरियरवाल्यांकडे दिलं, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्यांच्या यंत्राच्या पडद्यावर खोक्यातली आकृती उमटली आणि काउंटरवरच्या बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. अहो, नाटकातली आहे, लाकूड आहे, पाण्याचा पाइप आहे, असं मी परोपरीने सांगितलं, पण ऐकतंय कोण! हत्यारासारखं दिसतं ते हत्यारच, देशाबाहेर पाठवायचं तर सरकारी परवानगी आणा, असं म्हणून त्यांनी मला खोक्यासकट वाटेला लावलं.

मग परवाना कचेरी. तिथे शस्त्रांचे एक तज्ज्ञ बसतात, भरघोस मिशा आणि कपाळावर कायमच्या आठ्या. त्यांनी बंदूक उचलून वजन पाहिलं, दस्त्यावरून हात फिरवला, घोडा ओढून पाहिला आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं, की ही कुणाच्या घराण्यातली? अगं, उभा जन्म मी तलवारी, मुकुट आणि तोफा करण्यात घालवला. टाळ्या नटांना, हार नटांना, आणि मी आपला पडद्यामागे गोंदाचा डबा घेऊन उभा. माझ्या कामाला पहिली खरी दाद मिळाली ती सरकारी कचेरीत, आणि तीसुद्धा माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून! खोटं कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या होत होत्या. नळी आतून लाकडाने बुजवली आहे हे दाखवलं, तेव्हा कुठे यातून गोळी सुटणार नाही हे त्यांना पटलं. मी उठणार, तेवढ्यात त्यांची नजर परत घोड्याकडे गेली. नेहमी उजवीकडे असतो तो घोडा हिच्या डाव्या बाजूला! अशा बंदुका जुन्या काळी क्वचितच बनत, म्हणजे नळी नंतर बुजवली असेल, पण ही नक्की दुर्मीळ पुरातन वस्तू. आणि पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला सक्त मनाई. चला वरच्या मजल्यावर.

वर पुरातन वस्तूंच्या बाई. चष्मा साखळीला लटकलेला, बोलणं गोड, पण नियमाला पक्क्या. लाकडाला हा जुनेपणा कुठून आला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चहातून. आटवून काळाकुट्ट केलेला चहा आणि वरून बुटाचं पॉलिश. त्यांनी ओला कापूस दस्त्यावर घासला, हुंगला आणि खुदकन हसल्या. पण हसल्या म्हणून काही सही होत नाही. बंदूक नवी आहे हे एक वेळ मान्य, पण मग घोडा डावीकडे कशाला? माझी मुलगी डावखुरी आहे म्हणून, मी म्हणालो. बाईंनी शांतपणे विचारलं, याचा काही पुरावा?

आता डावखुऱ्या मुलीचा दाखला कुठली कचेरी देते? घरी येऊन डोकं धरून बसलो. तुझ्या आईने पिशवी काढली आणि भरायला लागली. तुझी उलट्या पात्यांची कात्री. चोच उलट्या बाजूला काढलेलं दुधाचं पातेलं. आणि शेवटी माळ्यावरून तुझी लहानपणची खुर्ची, लिहायची फळी डाव्या हाताला बसवलेली. हे सगळं मीच केलं होतं आणि माझ्या लक्षातही नव्हतं. तिला मात्र कुठली वस्तू कुठे आहे ते तोंडपाठ. त्या पातेल्यातून ओतताना तिचं रोज थोडं दूध सांडतं. बदल की ते, असं मी म्हटलं तर म्हणते, असू दे, लागेल.

ती खुर्ची डोक्यावर घेऊन मी कचेरीचे जिने चढलो. लोक आपणहून वाट देत होते. बाईंनी आपला हा सगळा संसार टेबलावर मांडून घेतला. शेजारच्या टेबलावरचे कारकून डावखुरे निघाले. त्यांनी त्या कात्रीने एक कागद कापून पाहिला, मग दुसरा, मग ते थांबेचनात, शेवटी बाईंना माझी फाइल त्यांच्यापासून लांब ओढावी लागली. नकली शस्त्र, नाटकासाठी, असा शिक्का बसला आणि सही झाली. कात्री मी कारकुनांनाच देऊन आलो. लाच म्हणू नकोस, सही झाल्यावर दिली! तुझ्यासाठी नवी करायला घेतली आहे.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. सही करण्याआधी बाईंनी विचारलं होतं, वस्तू कायमची पाठवायची की तात्पुरती? तू सांगितल्याप्रमाणे कायमची म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मी म्हटलं, तात्पुरती. म्हणजे वर्षाच्या आत बंदूक इकडे परत यायला हवी, आणि जिच्या नावावर गेली तिनेच ती स्वतः आणून कचेरीत दाखवायची, कुरियर चालत नाही. परत आणायची परवानगीसुद्धा मी काढून ठेवली आहे. मला बंदूक नकोय गं, अशा हव्या तेवढ्या करीन. पण तुझं ते ‘पुढच्या वर्षी नक्की’ ऐकून ऐकून आईने आता विचारणंच सोडलंय. तुझ्यापुढे माझं कधीच काही चाललं नाही, म्हणून या खेपेला सरकारला मध्ये घातलं. तुझी फार आठवण येते. नाटक दणक्यात कर. बंदूक हातातून पडली, मोडली तरी घाबरू नकोस. तुकडे आणले तरी चालतात, बाईंना मी विचारून ठेवलंय.

तुझाच,
बाबा