ज्या पुस्तकात कोणी जिंकत नाही

अप्पा, माझं पुस्तक छापून आलंय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यात एक मुलगी नुसती फिरते. घ्या, आता काय करायचं ते करा.

सातवीत असेन मी. चुलतभावाकडे नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर एक खेळ. मारामारी नाही, पॉइंट नाहीत. एक ओसाड बेट. चालायचं, दिसेल ते दार ढकलायचं, पलीकडे काय आहे ते बघायचं. माऊस त्याच्या हातात, मी मागे उभी. त्या दुपारी एक गंजलेलं दार कसंबसं उघडतंय, आणि लाइट गेली. आख्ख्या गल्लीतले कापडाचे लूम एकदम गप्प झाले, कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. मी घरी आले. तुम्ही मानकोलीच्या पुस्तकांच्या गोडाऊनवर हमालांचे मुकादम, तिथली फाटकी पुस्तकं अंघोळीच्या पाण्याच्या चुलीसाठी घरी आणायचात. त्या गठ्ठ्यात मी हात घातला. हाताला आलेल्या पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, नावही नव्हतं. आत एक माणूस कंदील घेऊन एकटाच एका बेटावरच्या भुयारात उतरत होता आणि भिंतीवर कुणीतरी खुणा करून ठेवल्या होत्या. आई गं! अंगावर काटा आला माझ्या. पान उलटलं की दार उघडत होतं, आणि या वेळी माऊस माझ्या हातात होता.

तुम्ही आलात आणि पुस्तक उचललंत.

"काय हाय ह्याच्यान?"

"एक माणूस बेटावर फिरतो."

"जिंकतो का?"

"न्हाय."

"खजिना भेटतो?"

"अजून तरी न्हाय."

"मंग कशाला फिरतो? रिकामटेकडा!" मग आईकडे वळून म्हणालात, "पोरीला सांग, निसतं फिरायचं पोरींचं काम न्हाय. शाला नि घर, बस." आणि पुस्तक चुलीत. आई बोंबील साफ करत होती, तिने मान वर केली नाही. मी म्हणाले, "जाळा. पुढचं मी माझ्या मनाने रचीन." थोबाडीत बसली. शब्द मात्र मी मागे घेतला नाही.

चुलतभाऊ सायकलवर पार पडघ्यापर्यंत भटकून यायचा, त्याला कोणी हटकलं नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तरी कुठे, कशाला, कोणाबरोबर. मग मी गठ्ठ्यातली पुस्तकं तांदळाच्या डब्यात लपवायला लागले. त्या डब्यातून मी किल्ल्यांवर गेले, बर्फात गेले, समुद्राच्या तळाशी गेले. तो माणूस कशाला फिरतो, हेही तिथेच कळलं. पलीकडे काय आहे ते बघायला, अप्पा. एवढं कारण पुरतं. मुलींनाही पुरतं. तुम्ही चुकलात, आणि हे मी रागानेच सांगतेय.

माझ्या पुस्तकातल्या मुलीला कोणी अडवत नाही. छापणाऱ्यांनी विचारलं, यात खलनायक कुठे आहे? म्हटलं, त्याला मी लहानपणीच भेटून घेतलंय. ते हसले. मीही हसले, पण घरी येऊन जेवले नाही.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटातच राहील. म्हणून एक कबूल करते. त्या पुस्तकाची पहिली ओळ मी तुमचं तेरावं झाल्यावर लिहिली. तुम्ही ओट्यावर बसलेले असतात, तर मी पेनाचं टोपणही काढलं नसतं.