जिभेची साक्ष

माघ वद्य ३, शके १७८६. अमरावती

दुर्गीनं आज मला पकडलं.

जेवताना म्हणालो, वरण फक्कड झालंय. ती वाढता वाढता थांबली. "वरनात मीठच नाई टाकलं मी," म्हणाली. "कालबी नाई टाकलं. परवाबी तुमी फक्कडच म्हनले."

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. ती समोर बसली. "कवापासून?" — तापापासून, म्हणालो. ताप उतरला, अंगात बळ आलं, बाजारात कापसाच्या काट्यावर जायला लागलो, पण तोंडाला चव म्हणून नाही. गूळ नुसता चिकटतो. मिरची झोंबते, तेवढीच कळते. वाटलं होतं, येईल आपोआप. म्हणून तिलाही बोललो नाही.

तिनं मीठ आणून पानात वाढलं. मग हळूच म्हणाली, "बाहेर कोनाले सांगू नका." मी काही न सांगता तिला सगळं कळलं होतं.

माघ वद्य ५

कोणाची अब्रू जमिनीत असते, कोणाची पागोट्यात. माझी जिभेच्या शेंड्यावर!

पोटापुरता मी मापारी. दिवसभर कापूस तोलतो. पण खुशालराव म्हटलं की लोकांना आठवतात चकत्या. तिकडे समुद्रापार लढाई लागली, तिथला कापूस अडला आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या बैठकीत गंजिफा. डावाचा हिशेब धरायला पूर्वी चिंचोके चालायचे, आता कसे चालतील? आता प्रत्येकाला आपल्या छापाच्या भाजलेल्या मातीच्या चकत्या पाहिजेत. कोणाचं बोंड, कोणाचा बैल, कोणाचा काटा. त्यातून आमच्यासारखे वेडे निपजले, जे खेळत नाहीतच. नुसत्या जमवायच्या, पुसायच्या, मांडायच्या, एकमेकांना विकायच्या. माझा दोस्त देवीदास तर देवघरात ठेवतो. वर म्हणतो, "देवाले काय, गोल दगड चालते तर गोल माती काहून नाई?"

सगळ्यांत मान नत्थुजी कुंभाराच्या चकत्यांना. तो दर्यापूरकडचा, पूर्णाकाठचा. तिथली जमीन खारी, विहिरी खाऱ्या. त्याची चकती जिभेला लावली की बारीक खारटपणा उतरतो. छाप कोणीही चोरील, खारी माती कुठून आणील? म्हणून खरी-खोटी ठरवायला मला बोलावतात. मी चाखतो आणि सांगतो. उष्टी झालेली चकती परत कोण घेणार? ती चाखणाऱ्याची. माझा डबा असल्या उष्ट्या चकत्यांनीच भरला आहे.

आज सगळा डबा काढून एकेक चाटली. खापर चाटल्यासारखं वाटलं.

माघ वद्य ९

दुर्गीनं आल्याचा रस दिला. लिंबू दिलं. ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली. काही नाही.

फाल्गुन शुद्ध २

जे व्हायला नको होतं तेच झालं. अकोल्याच्या गोवर्धनशेठचा माणूस निरोप घेऊन आला. नत्थुजीच्या बायकोनं — जयवंता तिचं नाव — मोराच्या छापाचा पुरा संच विकायला काढलाय. नत्थुजी जाऊन वर्ष झालं. हा त्याचा शेवटचा आवा, त्यानं भाजलेली शेवटची भट्टी, असं ती म्हणते. शेठ म्हणतात, विकत घेण्याआधी खुशालरावांनी येऊन चाखावं, त्यांचा शब्द तो शेवटचा.

देवीदास तिथेच बसला होता. म्हणाला, "नत्थुजी मेला, पन त्याचा आवा पेटूनच हाये बापा! जितेपनी झाल्या नाईत इतक्या चकत्या आता निंघून राहिल्या. जपून, खुशालराव."

तो हसला. मीही हसलो. खरी म्हणालो आणि खोटी निघाली, तर आजवर दिलेला प्रत्येक शब्द लोक उकरून काढतील. खोटी म्हणालो आणि खरी असली, तर त्या बाईच्या घरावरून नांगर फिरला. आजारी आहे म्हणून सांगावं, तर काट्यावर रोज उभा असतो, सगळा गाव बघतो.

फाल्गुन शुद्ध ४

चुलीपुढे बसून दुर्गी म्हणाली, "मले घेऊन चाला."

"तुले? बैठकीत?"

"बैठकीत काहून? मी माजघरात बसीन बायकांत. तुमी चूळ भराच्या निमतानं आत या. माही जीभ तं शाबूत हाये ना?"

मी म्हणालो, माझं उष्टं तू चाटणार? तशी हसली. "लगन झाल्यापासून तुमच्याच ताटात जेवून राहिली. आता मातीचं काय घेऊन बसले!"

परवा निघायचं. मनाला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

फाल्गुन शुद्ध १०. अकोला

झालं एकदाचं. सगळं नीट लिहून ठेवतो.

गोवर्धनशेठ माणूस मोठा खुला. आधी जेवायला बसवलं. पुरणपोळी, कढी, चटण्यांच्या रांगा. आग्रह करकरून वाढलं. मी चवीचं कौतुक करत होतो, अगदी बेतानं. हल्ली कौतुकाची भीती वाटते.

मग बैठक. अकोल्याचे चार-पाच शौकीन जमलेले. सोबत नत्थुजीचा धाकटा भाऊ भिकाजी, भिंतीला टेकून. तो आधीच सगळ्यांना सांगत सुटला होता, "खाऱ्या मातीचं वावर माह्या ताब्यात, वहिनीनं दुसरीच माती आनून सोताच थापल्या असतीन. खोट्या निंघाल्या तं भावाचे साचे मी घेऊन जाईन. घरान्याचं नाव बाईच्या हाती नाई ठेवनार." जयवंता बैठकीत नव्हती. मागल्या दारी बसली होती म्हणे.

संच उघडला. मोर सुरेख उठला होता. एकीवर एक टाकली, आवाज खणखणीत. मधली एक उचलली आणि सगळ्यांसमोर जिभेला लावली.

काही नाही. माती पाणी ओढून घेते तशी जीभ ओढली गेली, एवढंच.

"तोंड पानानं भरलंय. चूळ भरून येतो," म्हणालो. चकती मुठीतच. माजघराच्या दाराशी दुर्गी उभीच होती. तिच्या मागे परसात एक बाई पाठमोरी बसलेली दिसली, डोईवर पदर. दुर्गीनं चकती घेतली, चाटली. डोळे मिटले. पुन्हा चाटली. मला वाटलं, आता ही सांगतच नाही.

"खारी हाये," म्हणाली.

"नक्की?"

"रोज चुलीशी काय झोपा काढते मी? खारी हाये म्हनलं ना."

बाहेर जाऊन सांगितलं — नत्थुजीचीच. शेठनं मांडीवर थाप मारली. भिकाजी उठून चालता झाला. चकती रिवाजाप्रमाणे माझ्याकडे राहिली. परसातून रडण्याचा आवाज आला, मग बायकांचे आवाज, मग काही नाही.

निघताना शेठ मला म्हणाले, "तुमी सांगतलं, आता मले दुसरं काई पाहाचं नाई."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी जागलो, असं मनाला सांगितलं. पण ज्या मिठाची चवच लागली नाही, त्याला माणूस जागला की नाही हे कसं कळावं?

फाल्गुन शुद्ध १२. वाटेत, मूर्तिजापूरच्या अलीकडे

बैल सोडलेत. दुर्गी बोलली ते जयवंताबद्दल.

"त्या दिवशी सकाळपासून तिच्यापाशी बसली होती मी," म्हणाली. "तिनं तिकडं पाण्याचा घोट नाई घेतला. हात दाखोले मले. बोटं पाहाचे होते तुमी तिचे! माती कालवून कालवून नखं गेले. नत्थुजीच्या हाताले कंप होता म्हने, दोन-तीन वरसं. तवापासून छाप मारे तं जयवंताच मारे."

मी विचारलं, मग चकत्या तिच्या की त्याच्या?

"एका घरात तुमचं अन् माहं असं काय असते?" म्हणाली आणि बैलांना कडबा टाकायला उठली.

फाल्गुन वद्य ४. अमरावती

देवीदास येऊन गेला. अकोल्याची बातमी माझ्याआधी इथे पोचली. जयवंताकडे मागणी लागली आहे म्हणे, दीर आता गप्प. देवीदास म्हणाला, "तुह्या जिभेनं एक घर वाचोलं लेका." मी पानाचा डबा त्याच्यापुढे सारला. दुर्गी आतून ऐकत होती, भांडी आपटायची थांबली.

फाल्गुन वद्य ११

कापसाचा भाव घसरतोय असं बाजारात बोलतात. लढाई आटोपत आली म्हणे. तसं झालं तर किती बैठका उरतील आणि किती चकत्या, कोण जाणे. माझी जीभ मात्र तशीच. दोन ठिकाणांहून चाखायला बोलावणी आली, दोन्ही टाळली. दुर्गीला पुन्हा न्यावं असं एकदा तोंडावर आलं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि गिळलं.

चैत्र शुद्ध १, शके १७८७

गुढी उभारली. निंबाचा पाला, गूळ, मीठ वाटून दुर्गीनं हातावर दिलं. तोंडात टाकलं आणि — कडू! डोळ्यांत पाणी येईल इतकं कडू. मग मीठ लागलं, मग गूळ.

ती आत वळली, तसा डबा काढला. जुनी एक चाटली. खारी. दुसरी, खारी. मग अकोल्याची मोराची चाटली. पुन्हा चाटली. अळणी होती, दुर्गीच्या त्या वरणासारखी.

वर पाहिलं तर ती दारात उभी. "चव आली का?" म्हणाली.

"नाई," म्हणालो. "अन् आता येत नाई असं दिसते. देवीदासले सांगून देतो, चाखाचं सोडलं म्हनून."